भोईरबाईंचा राग

शोकसभेत संस्थेचे विश्वस्त माइक हातात घेऊन म्हणाले, "भोईरबाई म्हणजे शांत, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व. आयुष्यात त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही." मी उठून बाहेर आले. खुर्ची मुद्दाम आवाज करत मागे सरकवली.

माणूस गेलं की त्याला घासूनपुसून गुळगुळीत करायचं, हार घालायचा आणि विसरायचं. ही रीत मला माहीत आहे. पण हे बोलणारे कोण, तर ज्यांच्या डंपरसमोर बाई उभ्या राहिल्या तेच. भोईरबाई शांत नव्हत्या. मनमिळाऊ तर मुळीच नव्हत्या. त्यांनी पुष्कळ जणांना दुखावलं, आणि त्यांच्यात हे गृहस्थ पहिल्या रांगेत होते. निदान बाईंचा राग तरी त्यांच्या नावावर राहू द्या.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी डोंबिवलीच्या आमच्या शाळेत मराठी शिकवायला लागले. भोईरबाई तिथे आधीपासून पी.टी.च्या शिक्षिका. उंच, काळ्यासावळ्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. गाव दिवा स्टेशनच्या पलीकडे खाडीकाठी. आगरी घर, वडील मिठागरावर राबले, आई खाडीतली मासळी टोपलीतून विकायची. गावातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये माझं नाव ऐकून त्या म्हणाल्या, "करंदीकर? म्हणजे नावात करंदी आणि डब्यात वरणभात." मग स्वतःचा डबा उघडला. सुकटीचा वास खोलीभर पसरला. इतिहासाच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला, तर म्हणाल्या, "रुमाल काढा. तुमच्या डब्यातल्या मुळ्याला मी कधी नाक मुरडलं का?" तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'करंदी', म्हणजे बारकी कोळंबी, झाले, ती कायमची.

कुणीही त्यांना "बाई, जरा हळू बोला" म्हटलं की उत्तर ठरलेलं असायचं. "हळू बोललं की माणसं ऐकत नाहीत. डंपर तर अजिबातच ऐकत नाही."

डंपरचं प्रकरण ऐंशीचं दशक अर्धं सरल्यावर सुरू झालं. दिव्याला चाळी उठायला लागलेल्या. मुंबईत परवडत नाही, ठाण्यात परवडत नाही, मग माणसं दिव्याला. त्यांना राहायला जागा हवी, आणि जागा कुठली, तर खाडीकाठचं खाजण. भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला चिखल होणारी ती जमीन, तिच्यावर तिवराची, म्हणजे खारफुटीची, दाट झाडं. कागदावर ती पडीक. तिथे कुठून कुठून पाडलेल्या इमारतींचं राबिट आणून टाकायचं, वर मुरूम पसरायचा की झाला प्लॉट. डंपर आमच्या शाळेच्या याच विश्वस्तांचे. आणि गावातून त्यांना वाट दाखवणारा, कुणाची सही कुठे घ्यायची ते सांगणारा माणूस म्हणजे पंढरी भोईर. बाईंचा सख्खा धाकटा भाऊ.

एका रविवारी बाई मला गावी घेऊन गेल्या. खाजणातल्या बांधावर आम्ही बसलो. ओहोटी होती. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या, मासा असून पायांनी चालल्यासारख्या. खेकडे बिळातून डोळे काढून बघायचे आणि आम्ही हललो की गडप व्हायचे. पलीकडे तिवराच्या मुळांशी एक कोल्हा येऊन उभा राहिला. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि अगदी सावकाश निघून गेला. मी दचकले. बाई म्हणाल्या, "त्याला घाबरू नको. त्याचं घर हाय. आपन पाव्हन्या." गावात आल्या की त्यांची भाषा बदलायची. 'ड'चा 'र' व्हायचा, 'ळ'चा 'ल', खाडीची 'खारी' व्हायची. रागावल्या की शाळेतसुद्धा हीच भाषा तोंडात यायची, म्हणजे जवळजवळ रोज.

मग बांधाच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो बग माझ्या भावाचा पराक्रम." तिथे विटांचे तुकडे, फुटके संडास, गंजलेल्या सळया यांचा ढीग चिखलात घुसला होता. ढिगाखालून तिवराचा एक शेंडा बाहेर आला होता. बाई उठल्या, तिथवर गेल्या आणि हातांनी विटा उपसायला लागल्या. साडीचा, बोटांचा विचार नाही. शेंडा मोकळा झाल्यावरच थांबल्या. बोटांतून रक्त येत होतं आणि तोंडातून शिव्या.

गावकीला त्यांनी गावदेवीच्या देवळात जमवलं. पुरुष निम्मेच आले, कारण निम्म्यांना प्लॉटचे वायदे मिळालेले. बायका मात्र सगळ्या आल्या. मासळी गेली तर टोपलीत काय घालायचं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ठरलं ते असं. तिवर तोडायचं नाही, वाळून पडलेलं तेवढंच सरपण न्यायचं. पावसाळ्याच्या तोंडाला आतल्या पाण्यात जाळं टाकायचं नाही. अंड्यांवरची चिंबोरी, म्हणजे खेकडी, हाताला लागली तर परत सोडायची. आणि घराघराने पाळी लावून बांधावर पहारा करायचा. नियम मोडणाऱ्याने देवीला नारळ द्यायचा आणि पहाऱ्याची एक पाळी जास्त भरायची.

पहिला नियम मोडला तो बाईंच्या आईनेच. घरात लाकूड नव्हतं म्हणून म्हातारीने तिवराची एक ओली फांदी तोडून आणली. बाईंनी ती चुलीशी पाहिली, आईला काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या बैठकीत देवळात उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या आयेनं तिवर तोरलाय. नारल आन पाली." बायका कळवळल्या. म्हातारं माणूस आहे, जाऊ दे म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "आज माझी आये, उद्या तुझी सासू, परवा पंढरीचा डंपर. कुठं थांबायचं ते सांगा."

म्हातारी दुसऱ्या दिवशी बांधावर जाऊन बसली. काठी टेकून, डोक्यावर पदर घेऊन दिवसभर लेकीला शिव्या घालत होती. बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "हिला नऊ मईने पोटात ठेवली, आन ही मना पाऱ्याला बसवते." दुपारी एक डंपर आला. म्हातारी जागची उठली नाही. शिव्यांची दिशा फक्त बदलली. ड्रायव्हर परप्रांतातला, त्याला शब्द कळले नसतील, पण सूर कळला. त्याने गाडी मागे घेतली. बाईंनी हे मला स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या. त्यांना असं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

असा पहारा दोन-तीन वर्षं टिकला. चिखलात तिवराची नवी रोपं उभी राहिली. थंडीत पाणपक्षी जास्त दिसू लागले. जाळ्यात बोय आणि कोळंबी पुन्हा येऊ लागली, बायकांच्या टोपल्या जड झाल्या. यातलं कुठलंही काम सरकारने केलेलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे तिथे जी पाटी लागली तिच्यावर भलतीच नावं आहेत.

मग शाळेत वृक्षारोपण आलं. प्रमुख पाहुणे अर्थातच आमचे विश्वस्त. मुख्याध्यापकांनी भोईरबाईंना बोलावून सांगितलं, पाहुण्यांच्या स्वागताला मुलींचं लेझीम हवं. बाई म्हणाल्या, "मुली तयार असतील." आवाज थंड होता, नेहमीसारखा चढलेला नव्हता.

त्या दिवशी मैदानावर गुलमोहराचं रोप, रंगीत कुदळ, हार, फोटोग्राफर. मुली निळ्या गणवेशात रांगांत उभ्या. विश्वस्तांची गाडी आली. साहेब उतरले, हात जोडले. भोईरबाई पुढे झाल्या आणि खणखणीत आवाजात हुकूम सुटला, "सावधान! पीछे मुड!"

सगळ्या मुली एका दमात वळल्या. पाहुण्यांकडे पाठ. लेझीम खाली, माना ताठ. साहेबांचे जोडलेले हात तसेच राहिले. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "एक झाड लावायला आलात. आमच्या खाडीत तुम्ही किती गाडलीत ते या मुलींना सांगा, मग मी त्यांना वळवते."

साहेब गाडीत बसून निघून गेले. रोप तसंच पडून राहिलं. नंतर शिपायाने ते कुंपणापाशी लावलं.

आठवडाभरात बाईंच्या हातून मैदान गेलं. पी.टी. दुसऱ्या सरांकडे, बाई ग्रंथालयात. ज्या बाईला भिंतींच्या आत दहा मिनिटं बसवत नसे, तिला कपाटांच्या मधे बसवलं. पर्यवेक्षकपद त्यांच्या हक्काचं होतं, तेही गेलं. आम्हा सहकाऱ्यांपैकी कुणीकुणी हळहळ व्यक्त करायला ग्रंथालयात डोकावलं, तर त्या म्हणाल्या, "हळहळ नको. संतापा जरा. संतापायला काय होतं तुम्हाला?"

मला आज त्यांच्या या प्रश्नाचा राग येतो, तो त्यांच्यावर नव्हे. खरंच काय होत होतं आम्हाला? सुशिक्षित माणसांनी भरलेलं शहर, वाचनालयं, व्याख्यानमाला, पहाटेच्या मैफली. आणि शहराची सगळी घाण ज्या पाण्यात जाते, ते पाणी कुठे आहे, हे बघायला कुणी उतरत नव्हतं.

नव्वदनंतर डंपरवाल्यांनी युक्ती बदलली. खाजणात भरतीचं पाणी एका ओढ्यातून शिरायचं. त्या ओढ्याच्या तोंडाशीच मुरमाचा बांध घातला. वर रोलर फिरवून 'रस्ता' म्हटलं. भांडणाला कारणच नाही. तिवराला कुणी हात लावला नव्हता. पाणी तोडलं होतं फक्त. झाडं उभ्या उभ्या मरायला लागली. पानं पिवळी पडून गळली, चिखल भेगाळला, भेगांत निवट्या वाळून चिकटल्या. एकदा झाडं मेली की जागा पडीक म्हणायला मोकळी. ज्याने हे शोधून काढलं त्याच्या हुशारीचं मला आजही नवल वाटतं, आणि अशी हुशारी ज्या डोक्यात येते त्या डोक्याची किळस येते.

बाईंनी जिथे जायचं तिथे जाऊन पाहिलं. या खात्याने त्या खात्याकडे बोट दाखवलं, त्या खात्याने तिसऱ्याकडे. एका साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा भाऊच आहे ना तिथे? घरातच मिटवा की." बाई चहा अर्धा टाकून उठल्या.

मग पौर्णिमेच्या उधाणाचा रविवार आला. सकाळी मला निरोप, "ये. चपला जुन्या घाल." मी गेले तेव्हा त्या मुरमाच्या बांधावर गावातल्या बायका जमल्या होत्या. फावडी, पहारी, घमेली. बाईंनी त्यांच्या रांगा लावल्या होत्या, अगदी शाळेतल्यासारख्या. एक रांग खणणारी, एक उपसणारी, एक दम खाणारी. भरती वर चढायच्या आत मधोमध चर पाडायचा, पुढचं काम पाणी करील, असा हिशेब होता.

ऊन रणरणत होतं. मुरूम दगडासारखा बसला होता. मी घमेली उचलत होते, माझी एक चप्पल चिखलाने गिळली ती परत दिली नाही. निम्मा चर झाला असेल, तेवढ्यात पंढरी मोटारसायकलवरून आला. पांढरा शर्ट, गळ्यात चेन.

"बाय, बंद कर ह्ये. लोकांचे प्लॉट हायेत आत."

"लोकांचे? पानी हाय थितं, पंढऱ्या."

"तुझ्या बापाची हाय का खारी?"

भोईरबाईंनी फावडं टेकवलं. "तुझा बाप तो माझा पन बाप. त्याची किती होती ते मना म्हाईत हाय. त्याची एक लंगोटी होती आन हे पानी होतं. लंगोटी तू घे. पानी नाय मिलायचं."

बायका हसल्या. पंढरीचा चेहरा लाल झाला. तो पोलिसांत गेला. इकडे भरती चढत होती. आधी चरातून नुसता ओल्या मातीचा पाझर आला, मग बोटभर धार, आणि मग कडेची ढेकळं आपणहून ढासळायला लागली. बाई ओरडल्या, "व्हा बाजूला!" मुरमाचा मधला भाग खचला आणि गढूळ पाणी आत घुसलं. भेगाळलेल्या चिखलावरून ते पसरत गेलं तसा एक आवाज यायला लागला, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा, सगळीकडून. चिखल पाणी पीत होता. बायकांतल्या एकीने चर पाडून फोड आलेले हात त्या पाण्यात बुडवले आणि तोंडावरून फिरवले.

संध्याकाळी सगळ्यांना पोलीस ठाण्यात नेलं. तक्रारदार पंढरी भोईर, सार्वजनिक रस्त्याची नासधूस केल्याबद्दल. ठाण्यातला एक हवालदार बाईंना पाहून ताडकन उभा राहिला, त्यांचाच विद्यार्थी. बाई म्हणाल्या, "शर्ट आत खोच आधी. मग काय लिहायचं ते लिही." त्याने खरंच शर्ट खोचला.

पंढरी दाराशी उभा होता. निघताना बाई त्याच्यासमोर थांबल्या. मला वाटलं, आता हात उचलतात. त्या म्हणाल्या, "आये रोज इचारते, पंढरी जेवाया का येत नाय. काय सांगू तिला? जावन सांग तू."

खटला वर्षानुवर्षं चालला. बाई प्रत्येक तारखेला रजा काढून जायच्या आणि परत येऊन वकिलांपासून शिरस्तेदारांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायच्या. त्या चराच्या बाजूचं तिवर वाचलं. तिथे पाणी येत राहिलं, आणि बायकांची पहाऱ्याची पाळी पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या बाजूचं गेलं. पंढरीच्या चाळी तिथेच उभ्या राहिल्या, आणि एका चाळीच्या वर त्याने स्वतःचं दुमजली घर बांधलं. लोक मला सांगतात, अर्धं तरी वाचलं ना. बाईंना हे वाक्य कुणी ऐकवलं नाही ते बरं झालं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नव्वदचं दशक संपत आलं असताना, एका ऑगस्टमध्ये. दोन दिवस पाऊस आणि त्यात उधाण. नाले तुंबले, खाडीचं पाणी उलटं आत आलं. जिथे पूर्वी ते पाणी तिवरात पसरून निवायचं, तिथे आता भिंती होत्या. दिव्याच्या चाळी छातीभर पाण्यात गेल्या. सकाळी पाऊस जरा थांबल्यावर आम्ही तिघी शिक्षिका पाव आणि बिस्किटं घेऊन रुळांच्या कडेने चालत गेलो. उंचवट्यावर माणसं कुडकुडत बसली होती. कुणी मिरजहून आलेलं, कुणी जौनपूरहून, आयुष्यभराची कमाई त्या खोल्यांत घातलेली. त्या जमिनीबद्दल त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

चाळींच्या मधून गावच्या होड्या येत होत्या. सगळ्यात पुढच्या होडीत भोईरबाई उभ्या, हातात बांबू. निवृत्त झाल्या होत्या, केस पांढरे, पण पदर तसाच खोचलेला. मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना उतरवायच्या, परत जायच्या. आणि तोंडाने अखंड चालू. "कोनी सांगितलं हितं घर घ्यायला? खिडकीशी काय उभी राहिलीस, पोर दे आधी! गॅसची शेगडी राहू दे गो, शेगडी बुडून मरत नाय!"

शेवटी त्यांनी पंढरीला आणलं. वरच्या मजल्यावर अडकला होता. होडीत तो अंग आखडून बसला होता, मांडीवर टीव्ही, त्यावर प्लास्टिक गुंडाळलेलं. सगळ्या वाटेने त्या त्याला बोलत आल्या. आई कशी त्याची वाट बघत गेली ते बोलल्या. तिवर बोलल्या, बांध बोलल्या, कोर्टाच्या तारखा बोलल्या. बांबू रेटताना दम लागला की थांबायच्या, श्वास घ्यायच्या, पुन्हा सुरू व्हायच्या.

होडी उंचवट्याला लागली. तो उतरला, टीव्ही खाली ठेवला आणि हात पुढे करून म्हणाला, "बाय, तू दमलीस. बस जरा. मी जातंय."

भोईरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुना वल्हं कुठं येतं? इसरलास तू." मग मला पाहून ओरडल्या, "करंदी, नुसती काय उभी? त्याला पाव दे. कालधरनं उपाशी हाय तो."

मी पाव काढेपर्यंत त्यांनी बांबू टेकवून होडी वळवली होती. पत्र्यावर अजून माणसं बसलेली दिसत होती. त्यांच्यापैकी कुणीतरी उठून उभं राहिलं, तशी त्या लांबूनच कडाडल्या, "खाली बस! पत्रा फुटंल! येतंय मी!"